उणे दोनला आत घेऊ का?

केजेतियाच्या बाजाराशी आमची ट्रोट्रो, ती माणसांनी कोंबलेली मिनीबस, अडकली होती. कंडक्टर दारात लोंबकळून "अडुम, अडुम" असं जायच्या ठिकाणाचं, कुणालाच न पटणारं नाव ओरडत होता. मी सहज खिडकीबाहेर बघते तर समोरच्या एका बाईच्या पाठीवर माझे वडील. म्हणजे अंत्यविधीला सगळ्यांनी घालायच्या कापडावर छापलेले. पांढऱ्या कापडावर काळ्या रंगात एक गोल, गोलात बाबांचा चेहरा, तो कानापाशी दोऱ्यानं बांधलेला चष्मा, आणि गोलाच्या खाली त्यांचं समीकरण. ते मी झोपेतसुद्धा ओळखेन. log₂x + log₂(x−2) = 3. त्याच्या खाली एकेक पायरी, बाबा फळ्यावर उतरवायचे तशीच, जरा उजवीकडे कलत गेलेली. दोन्ही लॉग एकत्र केले, x(x−2) = 8 झालं, मग वर्गसमीकरण, मग अवयव. आणि सगळ्यात खाली, बाईनं पाठीला बांधलेल्या बाळाचं ढुंगण जिथे टेकलं होतं तिथे, x = 4 किंवा x = −2. संपलं. पुढे काही नाही. उणे दोनवर काट नाही, रेघ नाही, टिंबसुद्धा नाही. बाळ मजेत झोपलं होतं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

बाबांना जाऊन तीन आठवडे झाले होते, शनिवारी त्यांना पुरायचं होतं, आणि या तीन आठवड्यांत मी रडले नव्हते. बायका येऊन माझ्याकडे बघायच्या, मी रडत नाही म्हणून त्याच माझ्या वतीनं रडून घ्यायच्या आणि जेवून जायच्या. ट्रोट्रोत मात्र माझ्या घशात जे आलं ते रडू नव्हतं. मी कंडक्टरला म्हटलं, उतरव मला. तो म्हणाला, "ताई, अजून स्टॉप आला नाही." मी म्हटलं, "गाडी तरी कुठे चाललीये?" माझ्या मांडीवर शेजारणीची कोंबड्यांची टोपली होती, ती तिच्या मांडीवर ठेवून मी खाली उडी मारली आणि त्या बाईमागे धावले. बाजारात धावणं म्हणजे काय ते तिथे धावलेल्यालाच ठाऊक. टोमॅटोचे ढीग, डोक्यावर शिवणयंत्र घेऊन चाललेला शिंपी, त्याच्या कात्रीची टकटक. मी ओरडतेय, "अहो बाई, थांबा! तुमच्या पाठीवर चूक आहे!" बाई गर्रकन वळली. "चूक?" ती म्हणाली. "कुणाची चूक? लग्नाचं आहे माझं पोर. याच्या बापाला बोलावू का इथे?" मी म्हटलं, बाळ नाही हो, कापड, खालची ओळ, उणे दोन. तिनं मान वळवून पाठीमागे बघायचा प्रयत्न केला, बाळ जागं झालं आणि भोकाड पसरलं. शेजारची कांदेवाली मला म्हणाली, "मॅडम, उन्हात फिरू नका." आणि एक पाण्याची पिशवी माझ्या हातात कोंबली. मी ती दातानं फोडून तिथेच सगळी प्यायले आणि तरी आतलं काही विझलं नाही.

लॉगला एक दार असतं, असं बाबा सांगायचे. त्या दारातून फक्त शून्यापेक्षा मोठी संख्या आत जाते. दोनाला दोनानं गुणत बसा, नाहीतर भागत बसा, मरेपर्यंत करा, उत्तर लहान होईल, अगदी बारीक होईल, पण शून्याच्या खाली उतरणार नाही. मग उणे दोनचा लॉग आणणार कुठून? पण समीकरण सोडवायचं म्हणजे लॉग काढून टाकावे लागतात, आणि लॉग काढले की दारावरचा राखणदार घरी जातो. मग उघड्या घरात कुणीही शिरतं. पायऱ्या सगळ्या बरोबर असतात, गुणाकार बरोबर, अवयव बरोबर, आणि शेवटी पाहुण्यांमध्ये एक असा बसलेला असतो ज्याला कुणी बोलावलेलंच नाही. म्हणून बाबा शेवटची ओळ लिहून थांबायचे. कधी खोडायचे नाहीत. खडू वर उचलायचे, वर्गाकडे वळायचे आणि चारला पहिल्या ओळीत घालून दाखवायचे. चारचा लॉग दोन, दोनचा लॉग एक, झाले तीन, या साहेब, बसा. मग आवाज बारीक करून विचारायचे, "आणि हे उणे दोन आलेत दारात. चांगले कपडे घालून आलेत. आत घेऊ का?" आणि अख्खा वर्ग, चाळीस-पन्नास पोरं, खिडकीबाहेरची बकरी दचकेल अशा आवाजात ओरडायची, "बाहेर!" तेव्हा कुठे तो खडू खाली यायचा आणि उणे दोनवर आडवी रेघ मारायचा. वर्ग ओरडला नाही तर बाबा हात तसाच वर धरून उभे राहायचे. एकदा एक वर्ग बराच वेळ गप्प राहिला होता, तर घंटा होऊन इतिहासाचे मास्तर आत आले तरी बाबा हात वर करून उभेच. इतिहासाच्या मास्तरांना वाटलं, शपथ घेतायत.

तशीच बाजारातून मी आदुसेई काकांकडे गेले. काका म्हणजे बाबांच्या घराण्याचे प्रमुख, आणि आमच्याकडे घराणं आईकडून चालतं. बाबा त्यांच्या आईच्या घराण्याचे, मी माझ्या आईच्या. त्यामुळे बाबा मेल्याबरोबर ते माझे राहिलेच नाहीत. शीतपेटीत ठेवलेलं शरीर काकांच्या घराण्याचं, पुरण्याची तारीख त्यांची, कापड त्यांचं, भिंतीभिंतीवर लागलेलं ते बाबांचं मोठं चित्र त्यांचं. काका अंगणात खुर्चीत बसून फुफू खात होते. शेजारी पेप्रा बसला होता. पेप्रा बाबांच्या माजी विद्यार्थ्यांच्या संघाचा अध्यक्ष, आता विमा कंपनीत बडा साहेब आहे. माणसं किती वर्षं जगतील हे तो गणितावरून सांगतो, म्हणजे बाबांनी शिकवलेलं कुठेतरी लागलंय म्हणायचं.

"काका, कापडावर चूक आहे," मी म्हटलं.

"बस. जेवलीस का?"

"उणे दोन खोडलेलं नाही."

काकांनी पेप्राकडे बघितलं. पेप्रानं हात पुसून मोबाइल काढला आणि मला फोटो दाखवला. शाळेच्या उत्सवातला. बाबा फळ्यासमोर उभे, उजवा हात वर, हातात खडू. ते वर्गाच्या ओरडण्याची वाट बघतायत, एवढं मला एका नजरेत कळलं. "हाच फोटो घेतला आपण," पेप्रा कौतुकानं म्हणाला. "फक्त तो हात गोलात बसेना. म्हणून डिझायनरनं कापला."

"हात कापला?"

"दिसायला बरं नव्हतं हो. सर कुणाला मारायला निघाल्यासारखे दिसत होते."

"अरे, तू सरांच्या वर्गात होतास ना? लॉगमध्ये उणे संख्या जाते का?"

पेप्रा जरा हिरमुसला. मग विम्याच्या माणसासारखा हसला. "मॅडम, मी काय म्हणतो, दोन उत्तरं बरी दिसतात. डावीकडे एक, उजवीकडे एक. समतोल राहतो. एकटं चार म्हणजे कसं, विधवेसारखं वाटलं असतं."

मी काही बोलायच्या आत काकांनी बोटं चाटली आणि म्हणाले, "दुफिए, माझं ऐक पोरी. माणूस सबंध आयुष्य राबला. शेवटी दोन उत्तरं निघाली तर तुझ्या पोटात का दुखतंय? जास्त निघालं ते निघालं. कमी तर निघालं नाही ना?"

"चुकीचं आहे ते, काका. बाबांच्या चेहऱ्याखाली चूक छापलीत तुम्ही. आता ती चूक अंगावर घालून सगळं गाव त्यांना पुरायला येणार."

"कापड घराण्याचं आहे," काका म्हणाले. आवाज अजून गोडच होता, पण वाडगा त्यांनी बाजूला ठेवला. "तू त्याची मुलगी आहेस. घराण्यातली नाहीस. मुलीनं रडावं. तेवढंही तू अजून केलेलं नाहीस, लोक मला विचारतात." आणि मग आत बघून, "अगं, हिला तिचं कापड द्या बरं. हिचं शिवायचं राहिलंय." कुणीतरी माझ्या मांडीवर कापडाची घडी आणून ठेवली. सगळ्यात वरच उणे दोन. नवीन कापडाचा तो मेणचट वास.

घरी चालत निघाले. गाडीत बसवेना. प्रत्येक शिंप्याच्या दारात ते कापड कापलं जात होतं. एकीकडे बाबांचा गाल कात्रीत, एकीकडे वर्गसमीकरण कुणाच्या तरी बगलेत चाललेलं. मला काकांचा राग येत होता, पेप्राचा येत होता, त्या डिझायनरचा येत होता, पण खरं सांगायचं तर त्या वरच्या हाताचा सगळ्यात जास्त येत होता. खोडून का नाही टाकलंत, बाबा? तुम्हाला माहीत असायचं ना? कायम माहीत असायचं. एकदा तरी कुणाच्या ओरडण्याची वाट न बघता सरळ रेघ मारली असती तर काय बिघडलं असतं? आमच्याकडे लग्न ठरवायला मुलाकडचे येऊन दार ठोठावतात. तसे माझ्यासाठी क्वामेनाकडचे आले होते. बाटल्या घेऊन आले, गोड बोलणारा एक काका पुढे घालून आले. "आमच्या मुलानं तुमच्या बागेत एक फूल पाहिलंय," वगैरे. पायऱ्या सगळ्या बरोबर. चर्च बरोबर, कापडं बरोबर, मुलगा इंजिनियर, दात पांढरे. बाबा खुर्चीत बसले होते आणि मला आठवतं, त्यांचा उजवा हात खुर्चीच्या दांड्यावरून थोडा वर उचलला गेला होता. तसाच हवेत. ते माझ्याकडे बघत होते. नंतर मला म्हणाले, "परत पहिल्या ओळीत घालून बघ, दुफिए. बाकी तुझं तू ठरव." मी म्हटलं, बाबा, हे लग्न आहे, गणित नाही. ते म्हणाले, बरं. आणि हात खाली घेतला. पुढे क्वामेना आमच्याच घरी राहून आमच्याच शेजारणीकडे जेवायला लागला, आणि एका दुपारी मी त्याच्या बॅगा दारात ठेवल्या तेव्हा बाबा तिथे आले, त्यांनी बॅगांकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि हळूच म्हणाले, "बाहेर?" मी किंचाळले, "बाहेर!" त्यांनी स्वतः उचलून त्या बॅगा फाटकाबाहेर नेऊन ठेवल्या. मी त्यावर त्यांच्याशी महिनाभर बोलले नाही. लग्नाची सात वर्षं माहीत होतं आणि हात वर धरून बसलात! माझ्या ओरडण्याची वाट बघत! आता मीही गणित शिकवते, मुलींच्या शाळेत, आणि मी कधी थांबत नाही, उणे दोन आलं की खाडकन रेघ मारते. माझ्या मुलींना उत्तर बरोबर येतं. पण त्या ओरडत नाहीत.

आई अंधाऱ्या खोलीत विधवेच्या चटईवर बसली होती. तिला बाहेर जायची बंदी, कामाला हात लावायची बंदी, मोठ्यानं हसायची तर फारच बंदी. मी कापडाची घडी तिच्यासमोर आपटली आणि सगळं सांगितलं. बाळाच्या ढुंगणाचं सांगितलं तेव्हा तिनं पदरासारखं ओढलेलं काळं फडकं तोंडावर धरलं आणि तिचे खांदे हलायला लागले. बाहेर बसलेल्या बायका हळहळल्या, "बिचारी रडतेय." मग फडकं बाजूला करून ती म्हणाली, "कापड त्यांचं. शरीर त्यांचं. पण पेटी कुणाची गं?"

आमच्याकडे शवपेटी मुलांनी द्यायची असते. घराण्यानं माणूस न्यायचा, मुलांनी पेटी आणायची, सगळ्यांच्या देखत. पेटीबद्दल कुणी चकार शब्द काढू शकत नाही, काका तर नाहीतच, कारण काढला तर ती त्यांना करावी लागेल. मी आईकडे बघतच राहिले. ती म्हणाली, "माझ्याकडे काय बघतेस? मी शोकात आहे. मला काही सुचत नाहीये."

पेटीवाल्या सुताराचा स्वभाव उदार होता. त्यानं मला सोनेरी कड्यांची पेटी दाखवली, आतून मखमल, काचेची खिडकी, एका पेटीत तर आरसा. "झाकणाच्या आतल्या बाजूला," तो म्हणाला, "म्हणजे जाताना माणसाला आपण कसे दिसतोय ते कळतं." मी म्हटलं, साधं लाकूड, कडी नको, मखमल नको, झाकण पूर्ण सपाट आणि वरून फळ्याचा रंग. शाळेत लावतात तो, खडबडीत काळा. सुतारानं विचारलं, "मॅडम, त्यांना पुरायचंय की पुन्हा नोकरीला लावायचंय?" मी म्हटलं, तू रंग लाव. त्यानं लावला. पण रंग ओला असतानाच कुणीतरी सवयीनं त्यावर हात ठेवून गप्पा मारल्या असाव्यात, कारण एका कोपऱ्यात पाच बोटं उमटली होती. ती मी तशीच ठेवली. फळा असाच असतो.

शनिवारी मैदानभर मंडप होते आणि मंडपांखाली नुसते बाबाच बाबा. बाबांचे झगे, बाबांचे सदरे, एका बाईनं चेहरा नेमका दोन्ही छात्यांवर येईल असा शिवून घेतला होता आणि ती ताठ बसली होती. लाउडस्पीकरवर एक माणूस कुणी काय आणलं ते जाहीर करत होता, मधेच गाणं, मधेच शिट्टी. काकांनी सबंध ताग्याचा झगा खांद्यावरून घेतला होता आणि त्यांच्या पोटाच्या ऐन शिखरावर उणे दोन बसलं होतं, श्वासाबरोबर वरखाली होत. मी काळा साधा फ्रॉक घातला होता. काकांनी ते बघितलं, ओठ दाबले, आणि तेवढ्यात पेटी आली. सुताराच्या माणसांनी ती आणली आणि मी सांगितल्याप्रमाणे झाकण वेगळं काढून टेबलावर उभं केलं. काळंकुट्ट, सपाट. गाणं बंद झालं. माइकवाला म्हणाला, "आणि आता मुलीकडून पेटी," आणि मग त्यालाही काही सुचेना, तर म्हणाला, "पेटी अतिशय काळी आहे."

मी खिशातून खडू काढला. भाषण करायचं होतं मला. बाजारातल्या त्या दिवसापासून मनात केलेलं भाषण, त्यात गावाची इज्जत काढलेली, पेप्राची काढलेली, काकांची तर फारच. पण झाकणावर पहिली ओळ लिहिली आणि खडूचा तो आवाज आला, आणि पाठीमागे एकाएकी सगळं मैदान गप्प झालं. वर्ग गप्प होतो तसं. मी पायऱ्या लिहीत गेले. माझं अक्षर उजवीकडे कलत होतं. माझं अक्षर कधी कलत नाही. शेवटची ओळ लिहिली. x = 4 किंवा x = −2. आणि खाडकन रेघ मारायला हात उचलला आणि तो वरच राहिला. काय झालं मला माहीत नाही. राग होता, गच्च भरलेला होता, दंडापर्यंत आला होता, पण हात खाली येईना. मी तशीच वळले. समोर ते शेकडो चेहरे आणि शेकडो बाबा, बिनहातांचे. माझ्या तोंडून बारीक आवाज आला. "चारसाहेब आत येऊन बसलेत. आणि हे उणे दोन आलेत दारात. चांगले कपडे घालून आलेत. आत घेऊ का?"

एक पंखा करकरत होता. मी हात वर धरून उभी. मनात म्हटलं, नाही ओरडलात तर इथेच उभी राहीन, पुरा त्यांना माझ्याभोवती. मग गर्दीच्या मागून, स्वयंपाकाच्या चुलींकडून, एका म्हाताऱ्या होत चाललेल्या माणसाचा चिरका आवाज आला, "बाहेर!" आणि मग सगळं मैदान फुटलं. बाहेर! बाहेर! पोलीस ओरडत होते, नर्स ओरडत होत्या, एक पाद्री खुर्चीवर उभा राहून ओरडत होता, पेप्रा ओरडत होता, तोंड लाल, डोळ्यांत पाणी, जणू त्याला हे आत्ता कळलं. आदुसेई काका बाबांच्या वर्गात कधीच नव्हते. ते दचकून उभे राहिले. सगळं गाव त्यांच्या पोटाच्या दिशेनं बोटं करून "बाहेर!" म्हणत होतं. त्यांनी इकडे बघितलं, तिकडे बघितलं, मग माइकवाल्याला विचारलं, आणि ते माइकवरून सगळ्यांना ऐकू गेलं, "मी काय केलं?"

मी रेघ मारली. खडू मोडला.

वाटलं होतं, आता काहीतरी निघून जाईल माझ्यातून. नाही गेलं. उलट आणखी भडकलं. माहीत होतं तर! सगळ्यांना माहीत होतं! तरी शिंप्याकडे गेलात, माप दिलंत, बाही जरा सैल ठेव म्हणालात! मी टेबलापासून बाजूला झाले तर पेप्रा समोर उभा, छाती पुढे काढून. "मॅडम, माझ्यावर पण मारा." मी अर्धा खडू घेतला आणि त्याच्या सदऱ्यावरच्या उणे दोनवर ओढला. मागे एक नर्स उभी राहिली. तिच्यामागे पोलीस. रांग लागली, आमच्याकडे कशाचीही रांग लागते. पांढरं कापड, पांढरा खडू, रेघ कुणालाच दिसत नव्हती, तरी लोक येत होते आणि आपापलं उणे दोन माझ्यासमोर धरत होते. कुणी पाठ वळवून, कुणी बाही पुढे करून. केजेतियातली ती बाईही आली, तिनं बाळाला जरा वर सरकवलं आणि म्हणाली, "हे होय! मग तेव्हाच नीट सांगायचं ना." मी रेघ मारत होते आणि माझं नाक वाहत होतं आणि कुणीतरी माइकवर जाहीर केलं की मुलगी रडतेय. मी रडत नव्हते. सगळ्यात शेवटी काका आले. पोट पुढे करून उभे राहिले, इकडेतिकडे बघितलं आणि हळू आवाजात म्हणाले, "मार. पण जरा हलक्या हातानं."

मी हलक्या हातानं मारली नाही.